ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाला लस 'लागत' नाही का? (टायटर फक्त ७!)

पऱ्हाटी | ११ मार्च २०२४, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही दारव्हा तालुक्यातले. घरची शेती, कपाशी आणि तूर. २०२२ च्या दिवाळीनंतर यांचं किडनी ट्रान्सप्लांट झालं, नागपूरला. किडनी सासूबाईंनी दिली. क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारा रक्तातला आकडा, वाढला की वाईट) १.३ वर टिकून आहे. मुख्य गोळ्या तीन, टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि वायसोलोन. बीपीच्या वेगळ्या.

डायलिसिसवर असताना हिपॅटायटिस बीच्या लशीचे चार डोस झाले होते, दर वेळी दुप्पट, म्हणजे ४० मायक्रोग्रॅम. तेव्हा टायटर, म्हणजे लशीने रक्तात बनलेल्या अँटिबॉडींचा आकडा, ५२ आलं होतं. या जानेवारीत सुरुवातीलाच तपासलं तर ६. डॉक्टर म्हणाले, दहाच्या खाली गेलं, एक डोस परत घ्या. लस तालुक्याहून आणली, गावातच टोचून घेतली. सहा आठवडे थांबून परत रक्त दिलं. आलं ७.

आता पुढच्या महिन्यात फ्लूची लस घ्यायची आहे. घरात चर्चा सुरू झाली. चुलत सासरे म्हणतात, "ज्याच्या आंगाले लसच लागत नाई त्याले कायले टोचता? खडकावर पेरणं होय हे." पैशाचा भाग आहेच. नागपूरची एक खेप म्हणजे गाडीभाडं, रक्त, ओपीडी धरून आमचा महिन्याचा किराणा जातो.

ज्यांच्या घरी ट्रान्सप्लांट झालेलं माणूस आहे त्यांनी सांगा. लशी घेता का? टायटर येतं का? की हे खरंच खडकावर पेरणं आहे?

निव्वळ_वाचक | ११ मार्च, रात्री १०:०५

अनुभव नाही, पण धाग्यावर लक्ष ठेवून आहे. सासूबाईंना दंडवत.

उसनी_किडनी | ११ मार्च, रात्री १०:५०

ताई, धाग्यावर स्वागत. माझा आयडी वाचून कळलंच असेल. वाशिम जिल्हा, ट्रान्सप्लांट २०१६, दाता माझी मोठी बहीण. आठ वर्षं झाली, वावरात जातो, ट्रॅक्टर चालवतो, फवारणी मात्र करत नाही.

लशी घेतो. सगळ्या लागतात असं नाही. हिपॅटायटिस बीचं टायटर माझंही दोनदा दहाखाली गेलं, दोनदा डोस घेऊन वर आणलं. एकदा ३० पर्यंत आलं, एकदा जेमतेम १४. फ्लूची दरवर्षी, पावसाळ्याआधी. तिचं टायटर कोणी बघत नाही, घ्यायची आणि विसरायची. गेल्या पाच वर्षांत फ्लूने ॲडमिट झालेलो नाही. हे लशीमुळे की मास्कमुळे की नशिबाने, मला विचारू नका.

तुमच्या चुलत सासऱ्यांना सांगा, खडक नाही, हलकी जमीन आहे. पीक कमी येतं, पण येतं.

तुळशीवृंदावन | ११ मार्च, रात्री ११:१५

लशींच्या मागे लागण्यापेक्षा मुळात प्रतिकारशक्ती वाढवा ना! गुळवेलीचा काढा रोज सकाळी अनशापोटी. आमच्या सोसायटीत कोव्हिडमध्ये सगळ्यांनी घेतला, एकालाही काही झालं नाही.

उसनी_किडनी | ११ मार्च, रात्री ११:२१

@तुळशीवृंदावन, हात जोडतो. आमची प्रतिकारशक्ती वाढली की ती पहिली किडनीवर धावून जाते. ती वाढू नये म्हणूनच दिवसाला मूठभर गोळ्या खातो. गुळवेलीने यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये कागदोपत्री मांडले आहेत. पऱ्हाटीताई, काढा, आसव, 'इम्युनिटी बूस्टर' यातलं काहीही नेफ्रॉलॉजिस्टला (किडनीच्या डॉक्टरांना) विचारल्याशिवाय नाही. पपनससुद्धा नाही, टॅक्रोची लेव्हल चढते. संत्र्याला मला डॉक्टरांनी परवानगी दिली, नाहीतर विदर्भात राहून उपयोग काय.

तुळशीवृंदावन | ११ मार्च, रात्री ११:३०

मी चांगल्या हेतूनेच सांगितलं होतं. असो.

धुऱ्यावरचा | १२ मार्च, सकाळी ६:१०

काढ्याची विकेट पहिल्याच ओव्हरले. 😀

पऱ्हाटीताई, मी अकोटचा. डॉक्टर नाई, पन माह्या साळ्याचं ट्रान्सप्लांट झालं तवा डॉक्टरनं जे सांगतलं ते मले असं समजलं. आंगात एक कुत्रं असते. घरी पाहुणी किडनी आली. कुत्रं तिले चावू नये म्हणून आपन त्याले गोळ्या देऊन, बांधून ठेवलं. आता लस म्हंजे काय, तं चोराचा फोटो. कुत्र्याले दाखवाचा, याले ओळखून ठेव म्हनून. पन ते लेकाचं गुंगीत. फोटो पाह्यते अन् शेपटी हलवते. कवा ध्यानात ठेवते, कवा नाई. म्हनून फोटो दोनदा, तीनदा दाखवा लागते.

बाकी जानकार सांगतीन.

आडगावचा_डॉक्टर | १२ मार्च, दुपारी २:३३

@धुऱ्यावरचा, हे उदाहरण मी आता ओपीडीत वापरणार आहे, रॉयल्टी मागू नका.

मी नेफ्रॉलॉजिस्ट नाही, ग्रामीण रुग्णालयात एमबीबीएस आहे, त्यामुळे पेशंटबद्दलचा शेवटचा शब्द नागपूरच्या डॉक्टरांचाच. पण कुत्र्याच्या गोष्टीत थोडी भर घालतो. लस टोचली की तो विषाणू ओळखणाऱ्या मोजक्या पेशींनी भराभर आपली संख्या वाढवायची असते. एकीच्या दोन, दोनाच्या चार. मायकोफेनोलेट नेमकं तेच वाढणं रोखतं. टॅक्रोलिमस टी पेशींना मंद करतं, आणि अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींना कामाला लावतात त्या टी पेशीच. म्हणजे मुकादमही पेंगतोय आणि मजूरही मोजकेच आलेत. अशा वावरात कापूस वेचला जातो, पण सगळा नाही.

दोन मुद्दे. टायटर म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडी. त्या कमी असल्या तरी पेशींची आठवण थोडीफार तयार झालेली असू शकते, ती या तपासणीत दिसत नाही. म्हणून आकडा कमी म्हणजे लस पूर्ण वाया, असं नाही. पण हिपॅटायटिस बीच्या बाबतीत दहा ही रेघ आपण पाळतो, कारण या रुग्णांमध्ये हा विषाणू शिरला तर मुक्काम ठोकण्याची शक्यता बरीच जास्त.

फ्लूची घ्याच. इंजेक्शनवाली मेलेल्या विषाणूची असते, तिने फ्लू होत नाही. आणि लशीने किडनी रिजेक्ट होते ही जी भीती असते, मोठ्या पाहण्यांमध्ये तसं काही दिसलेलं नाही.

गणितमास्तर | १२ मार्च, संध्याकाळी ७:४८

आकड्यांची आवड म्हणून थोडं लिहितो. निवृत्त शिक्षक आहे, सवय जात नाही.

ट्रान्सप्लांट झालेल्यांना लस किती लागते याचा जगाने सगळ्यात बारकाईने अभ्यास केला तो कोव्हिडमध्ये. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या मंडळींनी २०२१ मध्ये ४३६ रुग्ण तपासले. पहिल्या डोसनंतर अँटिबॉडी सापडल्या फक्त १७ टक्क्यांत. मग ६५८ रुग्णांत दोन्ही डोसनंतर पाहिलं, ५४ टक्के. म्हणजे जवळजवळ निम्मे दोन डोस घेऊनही कोरे. निरोगी माणसांत हाच आकडा शंभराच्या आसपास असतो. कोरे राहिलेल्यांत मायकोफेनोलेटसारख्या गोळ्या घेणारे जास्त होते, म्हणजे डॉक्टरसाहेब म्हणाले तेच.

आता तिसरा डोस. फ्रान्सात तुलूझला १०१ रुग्णांना तो दिला. आधी ४० टक्क्यांत अँटिबॉडी होत्या, नंतर ६८ टक्क्यांत. कॅनडात टोरांटोला १२० जणांत चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. निम्म्यांना खरा तिसरा डोस, निम्म्यांना नुसतं पाणी. ठरवलेल्या रेघेच्या वर गेले खऱ्या डोसवाले ५५ टक्के आणि पाणीवाले १८ टक्के.

'फोटो तीनदा दाखवा लागते' हे धुऱ्यावरच्या भाऊंनी बिनआकड्याचं सांगितलं, ते बरोबर आहे.

सत्तेचाळीस_अंश | १२ मार्च, रात्री ८:३०

मास्तर, आकडे बरोबर असतील, पण त्या सगळ्या एमआरएनए लशी, फायझर-मॉडर्नावाल्या. आपल्या गावात कोव्हिशिल्ड आणि कोव्हॅक्सिन टोचली. तिकडचे टक्के इकडे जसेच्या तसे चिकटवू नका. आणि पऱ्हाटीताईंचा प्रश्न हिपॅटायटिसचा आहे.

गणितमास्तर | १२ मार्च, रात्री ८:४१

मान्य. टक्के बदलतील. मला दिशा दाखवायची होती, एका डोसने कमी आणि वाढीव डोसने काहींची भरपाई. गुण कापलेत तरी चालेल.

उसनी_किडनी | १२ मार्च, रात्री ९:१५

कोव्हिडचं निघालंच आहे तर. १ मार्च २०२१ पासून ४५ च्या वरच्या आजारी लोकांना लस सुरू झाली. वीस आजारांची यादी होती, त्यात किडनी ट्रान्सप्लांट होतं. मी ४७ चा. डॉक्टरांची सही घेतलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून केंद्रावर गेलो. रांगेत सगळे सत्तरीतले, मला म्हणतात, "पोट्ट्या, तू कायचा मधात घुसून रायला?" शर्ट वर करून टाका दाखवला तेव्हा खुर्ची मिळाली.

दोन डोस झाले. पुढे तिसऱ्याची वाट पाहिली. तिकडे फ्रान्स-अमेरिकेत आमच्यासारख्यांना तिसरा डोस २०२१ मध्येच मिळाला. आपल्याकडे प्रिकॉशन डोस १० जानेवारी २०२२ ला सुरू झाला तो आरोग्य कर्मचारी, फ्रंटलाइनवाले आणि साठीच्या वरच्यांसाठी. माझा नंबर एप्रिलनंतर, तोही खाजगीत. तेवढे महिने मी गोठ्याच्या बाजूच्या खोलीत राहिलो. बायको ताट उंबऱ्यावर ठेवायची. म्हशीशी जेवढं बोललो तेवढं आयुष्यात कोणाशी बोललो नसेन.

धुऱ्यावरचा | १२ मार्च, रात्री ९:२२

म्हैस उत्तर देत व्हती का?

उसनी_किडनी | १२ मार्च, रात्री ९:२४

बायकोपेक्षा कमी.

मायबोलीत_मिरची | १३ मार्च, सकाळी ११:०२

आमच्या नात्यात एकांनी व्हॉट्सॲपवर वाचलं, लशीच्या आधी आठ दिवस मायकोफेनोलेट बंद केलं की टायटर चांगलं येतं. केलं बंद, कोणाला न सांगता. पंधरा दिवसांत क्रिएटिनिन १.४ वरून २.६. बायोप्सी, सलाईनमधून स्टेरॉइड, दहा दिवस वॉर्ड. किडनी वाचली, पण पुन्हा १.४ वर काही आली नाही. पऱ्हाटीताई, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका.

आडगावचा_डॉक्टर | १३ मार्च, दुपारी १:४०

वरच्या प्रतिसादाला ठळक शाई लावा. गोळी थोडे दिवस थांबवून लस देण्याचे प्रयोग झाले आहेत, पण निवडक रुग्णांत आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. घरी बसून करायचं काम नाही हे.

सुईवाली | १३ मार्च, दुपारी ३:२०

मी उपकेंद्रावर ३१ वर्षं एएनएम (नर्स) होते, आता निवृत्त. इतके प्रतिसाद झाले पण साधे दोन प्रश्न कोणीच विचारले नाहीत.

पऱ्हाटी बाळा, जानेवारीतली ती लस आणल्यापासून टोचेपर्यंत कुठे ठेवली होती? आणि टोचली कुठे?

पऱ्हाटी | १३ मार्च, रात्री ८:५५

सुईवाली ताई, थोडं सविस्तर सांगते.

लस माझ्या दिराने आणली. मेडिकलवाल्याने बर्फाच्या पिशवीत घालून दिली. घरी यायला संध्याकाळ झाली, गावातले कंपाउंडर त्या दिवशी लग्नाला गेलेले. दिराने ऐकलेलं की लस थंड पाहिजे. रात्री लाइन जाते आमच्याकडे, म्हणून त्याने जास्त थंड राहावी या हिशेबाने ती फ्रिजच्या वरच्या खणात ठेवली. बर्फ जमतो त्या. सकाळी काढली तेव्हा कडक झाली होती. उन्हात थोडा वेळ ठेवली, मग पातळ झाली.

टोचली... कमरेवर. मागे. दोन्ही बाजूंना एक-एक.

काही चुकलं का?

धुऱ्यावरचा | १३ मार्च, रात्री ८:५८

आरारारा.

सत्तेचाळीस_अंश | १३ मार्च, रात्री ९:०१

लशीची कुल्फी! 🙈

सुईवाली | १३ मार्च, रात्री ९:२५

हसू नका रे, माझ्या नोकरीत शिकलेली माणसंही हेच करायची. लस म्हटलं की सगळ्यांना वाटतं, जितकी थंड तितकी चांगली.

नीट ऐक. हिपॅटायटिस बीची लस २ ते ८ अंशांत ठेवायची. फ्रिजच्या मधल्या खणात. दारात नाही, बर्फाला चिकटून तर अजिबातच नाही. तिच्यात फिटकरीच्या जातीचं एक औषध असतं, ते लशीला धरून ठेवतं आणि शरीराला चाळवतं. गोठली की त्याचे कण गोळा होतात आणि लस मरते. पुन्हा पातळ केली तरी जिवंत होत नाही. आम्हाला ट्रेनिंगमध्ये हलवून पाहायला शिकवलं होतं. एक बाटली मुद्दाम गोठवून वितळवायची, संशयातली बाटली तिच्या शेजारी, दोन्ही हलवून टेबलावर ठेवायच्या. चांगली लस बराच वेळ दुधाळ राहते. गोठलेलीत ढेपळं पडून गाळ झरझर खाली बसतो आणि वर पाणी दिसतं. एकदा पाहिलं की जन्मभर विसरत नाही.

दुसरं, ही लस दंडावर. मोठ्यांना खांद्याच्या खालच्या स्नायूत. मागे चरबी असते, सुई स्नायूपर्यंत जातेच असं नाही आणि टायटर कमी येतं. ४० चा डोस असेल तर २० एका दंडात, २० दुसऱ्या.

तुझ्या नवऱ्याच्या अंगाला लस लागली नाही हे अजून ठरलेलंच नाही. लस त्याच्यापर्यंत पोचलीच नाही.

आडगावचा_डॉक्टर | १३ मार्च, रात्री ९:४०

ताई, साष्टांग. आम्ही सगळे टी पेशींपर्यंत गेलो आणि फ्रिजचं दार उघडून कोणी पाहिलं नाही.

पऱ्हाटीताई, जे झालं ते जसंच्या तसं नागपूरच्या डॉक्टरांना फोनवर सांगा. लाजू नका. त्यांना सांगितलं नाही तर ते या ७ चा अर्थ चुकीचा काढतील.

पऱ्हाटी | १३ मार्च, रात्री १०:१०

मी सुन्न झाले आहे. दिराला अजून सांगितलेलं नाही. त्याने बिचाऱ्याने फ्रिजमधलं दही काढून जागा केली होती.

एक विचारायचं राहिलं. आमची धाकटी दोन वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात पोलिओचा रविवार होता, आशाताई येऊन थेंब पाजून गेल्या. जाऊबाई म्हणतात, घरात ट्रान्सप्लांट पेशंट असेल तर थेंब चालत नाहीत. खरं का?

मायबोलीत_मिरची | १४ मार्च, सकाळी ९:१८

आम्ही सरळ नाही म्हणून सांगतो. आशाताई रुसते, पण इलाज नाही.

सुईवाली | १४ मार्च, सकाळी १०:३०

नुसतं नाही म्हणून दार लावू नका, आशाला वरती उत्तर द्यावं लागतं. कारण सांगा. थेंबात जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो, बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडतो. घरात प्रतिकारशक्ती दाबलेला माणूस असेल तर म्हणून थेंब टाळतात आणि पोलिओचं इंजेक्शन देतात. इंजेक्शन सरकारी वेळापत्रकातही आहे, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने. वैद्यकीय अधिकाऱ्याला भेटून कार्डावर लिहून घ्या.

आता पाजलेच आहेत तर घाबरू नका. महिना-दीड महिना पोरीची शी बापाने धुवायची नाही. घरातल्या बाकीच्यांनी साबणाने हात धुवायचे. आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

धुऱ्यावरचा | १४ मार्च, सकाळी १०:४५

बापाले शी धुवा लागत नाई म्हंजे त्याची तं चांदीच.

पऱ्हाटी | १४ मार्च, सकाळी १०:५२

आधी कोणती धूत होते! 😀

आडगावचा_डॉक्टर | १४ मार्च, दुपारी १:१०

जिवंत लशींचं थोडक्यात. गोवर, कांजिण्या, पोलिओचे थेंब, नाकात मारायची फ्लूची लस, या ट्रान्सप्लांटनंतर रुग्णाला देत नाहीत. म्हणून ज्यांचं ट्रान्सप्लांट अजून व्हायचं आहे, डायलिसिसवर किंवा यादीत आहेत, त्यांनी हे आधीच डॉक्टरांना विचारावं. जिवंत लस द्यायची तर ऑपरेशनच्या किमान चार आठवडे आधी. बाकीच्या लशीही तेव्हाच चांगल्या लागतात, कारण कुत्रं अजून बांधलेलं नसतं.

घरातल्या बाकीच्यांनी मात्र गोवर-कांजिण्यांच्या लशी जरूर घ्याव्यात. फ्लूची तर सगळ्यांनीच.

उसनी_किडनी | १४ मार्च, रात्री ९:३०

कुत्र्याचा विषय निघालाच आहे तर खऱ्या कुत्र्याचं सांगतो. गावाकडे हे कधीही कोणावर येऊ शकतं.

२०२१ चा ऑगस्ट. सोयाबीन गुडघ्याएवढं. धुऱ्यावरून येताना शेजारच्या वावरातलं कुत्रं पायाला लागलं. पँट होती, दात रुतले नाहीत. नडगीवर बोटभर ओरखडा, कातडी सोललेली, रक्त नाही. मी मनात म्हटलं, हे काय चावणं आहे. विहिरीवर साबण लावून पंधरा मिनिटं धुतलं, तेवढं मात्र शहाणपण केलं.

नागपूरला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, निरोगी माणसाला एवढ्यावर नुसती लस पुरते, तुम्हाला नाही. तुम्हाला जखमेत इम्युनोग्लोब्युलिनसुद्धा पाहिजे. म्हणजे तयार अँटिबॉडी, कारण तुमचं शरीर वेळेत बनवेल याचा भरवसा नाही. आणि लस कातडीत नको, स्नायूत, पूर्ण पाच डोस. आज, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. वर शेवटी टायटर. मी हे सगळं हिशेबाच्या वहीत लिहून घेतलं आणि वही घेऊनच दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी वही वाचली, फोनवर बोलून घेतलं आणि तसंच केलं.

नडगीवर मांस किती असतं? त्यात सुई फिरवून औषध भरतात. मी तेव्हा जे ओरडलो ते कुत्र्यानेही ऐकलं असेल. रेबीजचं टायटर ०.५ च्या वर पाहिजे असतं, माझं आलं. कुत्रंही दहा दिवस जिवंत होतं, अजून आहे. मला पाहून शेपटी हलवतं.

सत्तेचाळीस_अंश | १४ मार्च, रात्री ९:५०

रेबीजची लस तरी जिवंत नसते ना?

आडगावचा_डॉक्टर | १४ मार्च, रात्री ९:५८

नाही, मेलेल्या विषाणूची. ती कोणालाही नाकारायची नसते. न गर्भवतीला, न ट्रान्सप्लांटवाल्याला. उसनी_किडनी यांनी लिहिलेलं वहीतलं पान प्रत्येक ट्रान्सप्लांटवाल्या शेतकऱ्याने फ्रिजवर चिकटवावं.

धुऱ्यावरचा | १४ मार्च, रात्री १०:०२

फ्रिजवर. फ्रिजात नाई. वरच्या खणात तं नाईच नाई.

व्यवस्थापन | १५ मार्च, सकाळी ८:००

वैद्यकीय सल्ला देणारे सात-आठ अवांतर प्रतिसाद (लिंबू, गोमूत्र, तांब्याची अंगठी) उडवले आहेत. धागा माहितीपूर्ण आहे, तसाच राहू द्या.

पऱ्हाटी | १८ जून २०२४, रात्री ९:०५

धागा वर काढते. कपाशीची लावण आटोपली, आता श्वास घेतला.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग म्हणाले, बरं झालं सांगितलंत. मार्चअखेर डोस परत दिला, त्यांच्याच ओपीडीत, दोन्ही दंडांत. सहा आठवड्यांनी टायटर आलं ८.९.

दहाला एक कमी! डॉक्टर म्हणाले, पुढचे डोस पूर्ण करू, मग बघू. सप्टेंबरपर्यंत चालेल.

दुसरं त्यांनी सांगितलं, घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा आणि ज्यांनी घेतली नसेल त्यांना लस द्या. धाकटीचे डोस बाळपणीच झालेले. मी, दीर, जाऊबाई आणि सासूबाईंनी सुरू केली, साधा २० चा डोस. फ्लूची सगळ्यांनी मे महिन्यातच घेतली. सासूबाई आधी तयार नव्हत्या. "एक किडनी देल्ली, आता सुई बी मीच घेऊ का?" मग लेकाने फक्त "माय" म्हटलं, दंड पुढे केला.

दिराला शेवटी सांगितलं. दोन दिवस जेवला नाही नीट. आता त्याने लशीसाठी वेगळा थर्मास घेतला आहे, थर्मामीटर टाकलेला. त्यातून चहा न्यायला मागितला तर देत नाही.

गणितमास्तर | १८ जून, रात्री ९:३०

८.९ ला ग्रेस मार्क देऊन पास केलं असतं. बोर्ड कडक आहे.

सुईवाली | १८ जून, रात्री ९:४४

७ वरून ८.९ म्हणजे फार नाही, पण आधीचे चार डोस चांगले लागले होते हे विसरू नकोस. मालिका पूर्ण कर. आणि दिराला माझा नमस्कार सांग, तो आता माझ्या जातीचा झाला.

पऱ्हाटी | २६ नोव्हेंबर २०२४, रात्री ८:२०

पुन्हा वर काढते, शेवटचं.

यांचं टायटर २१. डॉक्टर म्हणाले, सध्या पुरे, वर्षाने परत तपासू, खाली गेलं की परत एक. गेलं तर गेलं म्हणे, दर वर्षी पेरतोच की.

घरच्यांचंही हौसेने तपासून घेतलं. माझं १८६. सासूबाईंचं ४१२! वय ६३, किडनी एक. रिपोर्ट घेऊन त्या अख्ख्या गल्लीत फिरून आल्या. चुलत सासऱ्यांच्या ओसरीवर जास्त वेळ बसल्या.

रात्री जेवताना मात्र विचारलं, "किडनी तं माहीच हाये ना त्याच्यात? मंग त्याचं एकवीसच काऊन?" मला काही सांगता येईना.

आडगावचा_डॉक्टर | २६ नोव्हेंबर, रात्री ८:४१

आजींना सांगा, किडनी रक्त गाळते, अँटिबॉडी बनवत नाही. ते काम त्यांच्या लेकाच्या शरीरालाच करावं लागतं, आणि त्याला आपण त्यांच्याच किडनीसाठी बांधून ठेवलंय.

पऱ्हाटी | २६ नोव्हेंबर, रात्री ९:१२

सांगितलं. म्हणाल्या, "मंग माहे शंभर घे म्हनाव, मले चारशे काय करा लागते?"

धुऱ्यावरचा | २६ नोव्हेंबर, रात्री ९:१५

माय हाये बावा.